रेन-ल-शातोच्या 'अब्जाधीश' फादरचा हिशेब

आमच्या वसईच्या नातलगांच्या ग्रुपवर तो फॉरवर्ड पुन्हा आला. या वेळी पाठवणारी माझी सख्खी मावशी. तिच्या पॅरिशमधली मंडळी लूर्दच्या यात्रेला निघाली आहेत, म्हणून खाली तिने स्वतःची एक ओळ जोडली होती: "वाटेत हे गाव करता येईल का गं?" वाटेत नाही, मावशी. लूर्दहून तिथे पोचायला गाडीने तीन-चार तास लागतात. पण अंतराचं एक वेळ सोडून देऊ. त्या फॉरवर्डमध्ये ज्या माणसाला हिरो केलंय, त्याचं खरं प्रकरण तुमच्या-माझ्यासारख्या, घरात कुणी गेलं की मिस्सा, म्हणजे चर्चमधला प्रार्थनाविधी, सांगणाऱ्या माणसांनी तरी नीट वाचायला हवं.

फॉरवर्ड थोडक्यात असा. दक्षिण फ्रान्समध्ये रेन-ल-शातो नावाचं गाव आहे. ते एकेकाळी तीस हजार वस्तीची राजधानी होतं आणि तिथे शलमोन राजाचा खजिना पुरलाय. तिथल्या एका गरीब फादरला चर्चच्या खांबात गुप्त कागद मिळाले आणि तो रातोरात अब्जाधीश झाला. चर्चच्या दारात सैतान बसवलाय आणि वर 'ही जागा भयंकर आहे' असं कोरलंय. खजिन्याची खूण एका जगप्रसिद्ध चित्रात आहे. १०९९ पासून एक गुप्त संघटना येशूच्या वंशजांना सांभाळतेय. आणि हे उघड होऊ नये म्हणून तिथे खोदायला बंदी आहे. दहा जणांना पाठवा वगैरे.

आधी गाव. ओद जिल्ह्यात, कार्कासोनच्या दक्षिणेला साधारण चाळीस किलोमीटरवर, कुइझा या खोऱ्यातल्या गावातून वळणावळणाचा रस्ता डोंगरावर चढतो. वर कातळाच्या माथ्यावर थोडी घरं, एक जुना पडका वाडा, एक चर्च. वस्ती शंभराच्या आत. तरी फ्रान्समध्ये ही स्वतंत्र कम्यून आहे, म्हणजे तिचा महापौर वेगळा, कारभार वेगळा. समोर ब्युगाराशचा डोंगर दिसतो, १,२३० मीटरचा. २०१२ साली जग बुडणार आणि हाच डोंगर वाचणार, अशी हूल उठली होती तोच हा. त्या मुलखाच्या नशिबी हे भोग आहेतच.

आता फादर. बेराँजे सोनिएर, जन्म १८५२, जवळच्याच मोंताझेल गावचा. १८८५ मध्ये तो रेन-ल-शातोला आला तेव्हा गावात जेमतेम तीनशे माणसं होती, चर्च गळत होतं आणि सरकारी पगार वर्षाला ९०० फ्रँक. त्याच वर्षीच्या निवडणुकीत त्याने प्रवचनातून प्रजासत्ताकवाद्यांविरुद्ध प्रचार केला आणि काही काळ तो पगारही थांबला. पुढच्या वीसेक वर्षांत याच माणसाने चर्च नव्याने सजवलं, व्हिला बेथानिया नावाचा बंगला बांधला, बाग केली आणि दरीच्या काठावर पुस्तकांसाठी मागदाला मनोरा उभा केला. एवढा भाग खरा आहे. कुणालाही प्रश्न पडावा, पैसा आला कुठून?

उत्तर खांबात शोधायची गरज नाही. ते त्याच्याच वह्यांत आहे.

आपल्याकडे मयताच्या नावाने मिस्सा सांगायची तर फादरांकडे जाऊन नाव, तारीख लिहून देतो आणि दान देतो. नियम जगभर तोच: फादर रोज एकाच मिस्सेचं दान स्वतःसाठी घेऊ शकतो. नाताळला तीन. सोनिएरने काय केलं, तर धार्मिक नियतकालिकांतून जाहिराती दिल्या आणि फ्रान्सभरातून, फ्रान्सबाहेरूनही, मिस्सांच्या मागण्या टपालाने गोळा केल्या. मठांतून, विधवांकडून, कुठल्या कुठल्या गावांतल्या भाविकांकडून मनीऑर्डरी यायच्या. त्याने त्यांची नोंद ठेवली, आणि त्या नोंदी आजही आहेत. कार्कासोनच्या ग्रंथालयाचे प्रमुख रने देस्कादेयास यांनी १९७४ मध्ये या दंतकथेवर सविस्तर अभ्यास छापला, त्यात हे सगळं मांडलंय. पन्नास वर्षं झाली त्याला. फॉरवर्ड लिहिणाऱ्याला पन्नास वर्षांत तेवढं वाचायला सवड मिळाली नाही.

आकडे मीच मांडून बघितले. बिशपांच्या न्यायासनापुढे सोनिएरने स्वतः दिलेला खर्च १,९३,१५० फ्रँक. एका मिस्सेचं दान दीड फ्रँक धरा. सगळा पैसा मिस्सांचा मानला तर सव्वा लाखाच्या वर मिस्सा होतात. रोज एक म्हटली तर साडेतीनशे वर्षं. सगळा पैसा त्याच वाटेने आला नव्हता, देणग्याही होत्या. फ्रान्सच्या गादीचे दावेदार शाँबोर यांच्या विधवा पत्नीने दिलेले ३,००० फ्रँक तर नावानिशी माहीत आहेत. मग निम्मा धरा. तरी पावणेदोनशे वर्षं! आणि हा माणूस त्या गावात फादर होता १८८५ ते १९०९. रोज न चुकता एक मिस्सा केली असती तरी आकडा नऊ हजारांच्या आतच थांबतो.

म्हणजे राहिलेल्या मिस्सा झाल्याच नाहीत. कुणाच्या तरी आईसाठी, कुणाच्या तरी लेकरासाठी दिलेले पैसे होते ते. त्यांतून बंगला झाला, मनोरा झाला, मद्याच्या पेट्या आल्या. फॉरवर्डमध्ये याला 'रहस्य' म्हटलंय. आपल्या पॅरिशमध्ये कुणी असं केलं असतं तर काय म्हटलं असतं ते मावशीनेच सांगावं.

त्या वेळच्या चर्चनेही हे झाकलं नाही, उलट खटलाच भरला. बिशप बोसेजूर यांनी १९०९ मध्ये त्याची बदली केली, त्याने जायचं नाकारून राजीनामा दिला. १९१० मध्ये मिस्सांच्या व्यापाराबद्दल दोषी ठरला, आणि हिशेब धड देता आला नाही म्हणून १९११ मध्ये त्याला याजकपदाच्या कामांतून निलंबित केलं. मालमत्ता त्याने आधीच घर सांभाळणाऱ्या मारी देनार्नोच्या नावावर केली होती. जानेवारी १९१७ मध्ये वारला तेव्हा डोक्यावर कर्ज होतं. शलमोनाचा खजिना सापडलेला माणूस बँकेकडे कर्ज मागतो, हे फॉरवर्डमध्ये का नसतं?

'अब्जाधीश' हा शब्द आला त्याच्या मरणानंतर जवळजवळ चाळीस वर्षांनी. मारीकडून ती मालमत्ता १९४६ मध्ये नोएल कोर्बू नावाच्या गृहस्थाने घेतली आणि तिथे हॉटेल काढलं. आडरानातल्या डोंगरावरच्या हॉटेलात गिऱ्हाईक कोण येणार? कोर्बूने गोष्ट रचली: फादरला तेराव्या शतकातल्या फ्रान्सच्या राणी ब्लांशचा खजिना सापडला होता. जानेवारी १९५६ मध्ये 'ला देपेश द्यु मिदी' या वर्तमानपत्राने ती मालिका करून छापली आणि लोक फावडी घेऊन डोंगर चढू लागले. हॉटेलच्या जाहिरातीपलीकडे या खजिन्याला दुसरा जन्मदाखला नाही.

शलमोनाच्या खजिन्यात मात्र अर्धं खरं आहे, नाइलाजाने मान्य करते. व्हिसिगॉथ या जर्मेनिक टोळीने ४१० मध्ये रोम लुटलं. सहाव्या शतकातला इतिहासकार प्रोकोपियस लिहितो की त्या लुटीत शलमोनाच्या वस्तू होत्या आणि पुढे तो ठेवा कार्कासोनमध्ये होता. आता पुढची ओळ, जी फॉरवर्डवाले कधीच देत नाहीत: फ्रँक नावाच्या टोळीने कार्कासोनला वेढा दिला तेव्हा इटलीचा राजा थिओडोरिक सैन्य घेऊन आला, वेढा उठला, आणि तिथला सगळा पैसा घेऊन तो राव्हेनाला परतला. हाच प्रोकोपियस दुसरीकडे असंही सांगतो की यहुद्यांचा ठेवा व्हँडल टोळीने ४५५ मध्ये रोममधून आफ्रिकेला नेला, तिथून तो कॉन्स्टँटिनोपलला आला आणि सम्राट जस्टिनियनने जेरुसलेमच्या चर्चना पाठवला. दोन हकिगती एकमेकींशी जुळत नाहीत. पण एकीतही रेन-ल-शातो नाही. साक्षीदार मानायचा तर त्याची पूर्ण साक्ष ऐका.

राजधानीचंही तसंच. इसवी सन ८०० च्या जरा आधी थिओडुल्फ या बिशपने कार्कासोनच्या बरोबरीने रेदे नावाच्या ठिकाणाचा उल्लेख केलाय, आणि ते हेच गाव असू शकतं. व्हिसिगॉथांची राजधानी मात्र तुलूझला होती. तीस हजार वस्ती एका हौशी लेखकाने एकोणिसाव्या शतकात लिहून टाकली. त्या कातळावर उभं राहून बघितलं तर तीस हजार माणसांना पाणी कुठून द्यायचं हाच पहिला प्रश्न येतो.

सैतानाच्या मुद्द्यावर मला खरंच राग येतो, कारण तो वाचून लोक हातोडे-कुऱ्हाडी घेऊन जातात. चर्चच्या दारात आत शिरताच सैतानाचा पुतळा आहे, हे खरं. तो करतोय काय? पाठीवर पवित्र पाण्याचं भांडं वाहतोय. त्याच्या डोक्यावर चार देवदूत क्रुसाची खूण करताहेत, आणि 'या खुणेने तू त्याला जिंकशील' असं तिथे लिहिलंय. हरलेला, वाकलेला सैतान आहे तो. मूर्ती तुलूझच्या जिस्कार यांच्या कारखान्यातून मागवलेल्या. त्या काळी अर्ध्या दक्षिण फ्रान्समधली चर्चं अशीच सजत होती. आणि दारावरचं ते 'भयंकर' वाक्य? उत्पत्ती, अध्याय २८. शिडीचं स्वप्न पाहून जागा झालेला याकोब बोलतो ते, आणि त्याच दमात तो म्हणतो की हे देवाचं घर आहे, स्वर्गाचं दार आहे. चर्चच्या समर्पणाच्या मिस्सेत हे वचन शतकानुशतकं म्हटलं जातं. तरीही १९९६ मध्ये कुणी तरी त्या पुतळ्याचं मुंडकं पळवलं, आणि एप्रिल २०१७ मध्ये, फ्रान्समध्ये राष्ट्राध्यक्षपदाचं मतदान चालू असताना, एका बाईने चर्चमध्ये शिरून कुऱ्हाडीने तो पुन्हा फोडला. दहा जणांना पाठवा म्हणे.

चित्राचं लवकर उरकते. फ्रेंच चित्रकार पूसाँच्या 'आर्केडियाचे मेंढपाळ' या चित्रातलं थडगं त्याच भागातल्या आर्क गावाजवळच्या थडग्याची हुबेहूब नक्कल आहे, असा दावा. पूसाँ वारला १६६५ मध्ये. ते थडगं विसाव्या शतकात बांधलं. लोकांच्या त्रासाला कंटाळून जमीनमालकाने ते १९८८ मध्ये पाडलंही.

गुप्त कागद आणि गुप्त संघटना ही एकाच टोळीची करणी. प्येर प्लांतार नावाच्या माणसाने १९५६ मध्ये, १०९९ मध्ये नव्हे, आनमास गावची 'सियोनचा मठ' ही संस्था रीतसर सरकारदरबारी नोंदवली. गुप्त संघटना, आणि नोंदणी! तिच्या पत्रकात विषय काय, तर स्वस्त घरांच्या भाडेकरूंचे हक्क. पुढे प्लांतारने स्वतःला फ्रान्सच्या जुन्या मेरोव्हिंजियन राजघराण्याचा वारस ठरवलं, त्याचा मित्र फिलिप द शेरिझेने 'जुने' कागद बनवले, आणि बनावट वंशावळी पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयात नेऊन ठेवल्या. येशूच्या वंशाची फोडणी तर प्लांतारचीही नाही. ती १९८२ मध्ये इंग्रजी लेखकांनी घातली आणि प्लांतारनेच ती झटकून टाकली. १९९३ मध्ये एका भ्रष्टाचाराच्या चौकशीत न्यायाधीशापुढे बोलताना त्याने सगळं आपण रचल्याचं कबूल केलं. नंतर गाजलेल्या 'द दा विंची कोड' या कादंबरीत एका पात्राला सोनिएर हे आडनाव मिळालं, म्हणून काही इतिहास बदलत नाही.

राहिली खोदायची बंदी. ती आहे. १९६५ पासून आहे, आणि ती घातली गावच्या महापौर-कार्यालयाने, कारण खजिना शोधणारे लोक चर्चच्या आसपास, कबरस्तानात, जिथे मिळेल तिथे खणत होते, स्फोटकंही लावत होते. २००४ मध्ये सोनिएरची शवपेटीसुद्धा कबरस्तानातून काढून त्याच्या बागेच्या आवारात हलवावी लागली, कारण उपद्रव थांबेना. लपवायचं असतं तर गावाने त्याचा बंगला आणि मनोरा तिकीट लावून लोकांना दाखवला नसता.