भगरीत व्हायरस नाही, विषबाधा वेगळी असते

एकादशीच्या दुसऱ्या दिवसापासून परभणी, हिंगोलीकडच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतोय की भगरीतून नवा व्हायरस आलाय, उलट्या होणाऱ्याच्या जवळ जाऊ नका, आणि भगर चांगली उकळून खाल्ली की काही होत नाही. यातल्या सगळ्या गोष्टी चूक आहेत अन् उकळून खायची तर लई धोक्याची आहे.

व्हायरस शरीरातल्या पेशीत घुसून स्वतःच्या कॉप्या काढतो, म्हणून थोडासा गेला तरी वाढतो आणि एकाचा दुसऱ्याला लागतो. नोरोव्हायरस नावाच्या, उलट्या-जुलाब करणाऱ्या व्हायरसच्या उलट्या साधारण 12 ते 48 तासांनी सुरू होतात. विष वाढत नाही, जेवढं पोटात गेलं तेवढंच काम करतं, बहुतेक वेळा काही तासांतच, म्हणूनच एकाच पंगतीतली माणसं एकदमच आजारी पडतात. भगर ओलसर राहिली, जुनी झाली, की बुरशी धरते, अन् ती विष तयार करते. बुरशी उकळून मरंल, पण तिची बरीचशी विषं उकळूनही तशीच राहतात! पीठ तर फार लवकर ओल धरतं, तेव्हा लागेल तेवढंच दळा, वास आला तर सरळ फेकून द्या.

आणि कामून बरं आजारी माणसाला एकटं टाकायचं? विषबाधा त्याच्यापासून लागत नाही, त्याला ओआरएस पाजा, चक्कर किंवा हातपाय थरथरत असतील तर लगेच दवाखान्यात न्या, आणि उरलेली भगर डॉक्टरला दाखवायला बाजूला ठेवा.