मायसेल म्हणजे पटलाची छोटी प्रतिकृती नव्हे

पेशीपटलातील प्रथिनांविषयीच्या अभ्यास-टिपणांत आणि समाजमाध्यमांवरील स्पष्टीकरणांत एक विधान वारंवार आढळते: डिटर्जंटचे मायसेल, म्हणजे पटलातून प्रथिन सोडवायला वापरल्या जाणाऱ्या साबणासारख्या रेणूंचा पाण्यात बनणारा सूक्ष्म गोळा, ही लिपिड (स्निग्ध रेणूंच्या) पटलाचीच लहान आवृत्ती असून, प्रथिन किंवा पेप्टाइड (अमिनो आम्लांची छोटी साखळी) मायसेलमध्ये जसे दिसते तसेच ते पटलातही असते. त्यासाठी चार कारणे दिली जातात. दोन्हींचे रेणू जलस्नेही डोके आणि जलद्वेषी शेपूट अशा घडणीचे असतात. काही डिटर्जंटांचे डोके तर थेट लिपिडाचेच असते. एसडीएस या डिटर्जंटमध्ये पेप्टाइडाचे हेलिक्स (मळसूत्री घडण) झाले की ते पटलावर काम करते हे सिद्ध होते. आणि मायसेलमध्ये प्रथिनाची सुस्पष्ट रचना मिळाली असेल, तर तिच्यावर शंका घेण्याचे कारण उरत नाही. यांतले प्रत्येक कारण अर्धे खरे आहे, म्हणूनच विधान सहज पटते.

पहिल्या कारणात आकाराचा विसर पडला आहे. रुंद डोके आणि एकच शेपूट असलेले रेणू एकत्र आले की गोळा बनतो. दोन लांब शेपट्यांचे लिपिड रेणू शेजारी शेजारी बसले की सपाट द्विस्तर, म्हणजे दुहेरी थर, बनतो. मायसेलचा व्यास साधारण चार-पाच नॅनोमीटर असतो आणि त्याचा पृष्ठभाग अतिशय वक्र असतो. याचा परिणाम अल्फा-सिन्यूक्लिन या १४० अमिनो आम्लांच्या प्रथिनात स्वच्छ दिसतो. एसडीएस मायसेलवर त्याची दोन हेलिक्स मिळतात, अवशेष (साखळीतील अमिनो आम्ल) क्रमांक ३ ते ३७ आणि ४५ ते ९२, आणि मधल्या वळणामुळे ती एकमेकांशेजारी उलट दिशांनी पडतात. लिपिडांच्या पुटिकांवर (पटलाच्या सूक्ष्म पिशव्यांवर) मात्र हाच भाग सलग, न मोडलेल्या हेलिक्सच्या रूपातही आढळला आहे. हिशेब सोपा आहे: हेलिक्समध्ये प्रत्येक अमिनो आम्लामागे ०.१५ नॅनोमीटर लांबी धरली, तर नव्वद अवशेषांचे हेलिक्स साडेतेरा नॅनोमीटर भरते. पाच नॅनोमीटरच्या गोळ्यावर ते सरळ मावणार कुठे? दुमडलेले रूप पेशीत कधीच नसते असे यावरून म्हणता येत नाही. अतिवक्र पुटिकांवर किंवा दोन पटलांच्या मधल्या जागेत त्याला वाव असू शकतो. परंतु केवळ मायसेलमधील चित्र पाहून ते प्रथिनाचे अंगभूत रूप ठरवणे चूक आहे.

दुसरे कारण बहुधा डोडेसिलफॉस्फोकोलिन म्हणजे डीपीसी या डिटर्जंटाकडे बोट दाखवते. त्याचे डोके फॉस्फॅटिडिलकोलिन या पटलातील लिपिडासारखेच आहे, हे मान्य. पण त्याला बारा कार्बनांची एकच शेपूट आहे आणि ग्लिसरॉलचा कणा नाही. त्याहून महत्त्वाचा फरक विद्राव्यतेचा आहे. डीपीसीची मायसेल बनण्याची सीमा, म्हणजे ज्या संहतीपुढे सुटे रेणू एकत्र येऊ लागतात ती, एक ते दीड मिलीमोलर आहे, तर सोळा कार्बनांच्या दोन शेपट्या असलेल्या लिपिडासाठी ही सीमा नॅनोमोलरच्याही खाली, म्हणजे दहा लाख पटींहून कमी आहे. त्यामुळे डीपीसीच्या द्रावणात सुटे रेणू सतत हजर असतात, मायसेलमध्ये ये-जा करतात आणि प्रथिनाच्या सैल बांधलेल्या हेलिक्सांमध्ये घुसू शकतात. ओएमपीए किंवा पॅगपीसारख्या बीटा-बॅरल (पट्ट्यांच्या पिंपासारख्या घडणीच्या) प्रथिनांच्या लगतच्या पट्ट्या हायड्रोजन बंधांच्या जाळ्याने जखडलेल्या असल्याने त्यांना याची फारशी झळ लागत नाही, आणि डीपीसीतील त्यांच्या रचना विश्वासार्ह ठरल्या आहेत. मायटोकॉन्ड्रियातील वाहक प्रथिनांचे तसे नाही. ती डीपीसीमध्ये आपली मूळ घडण आणि विशिष्ट बंधनक्षमता गमावतात, असे दाखवणारे पुरावे पुढे आले आहेत. तेव्हा डिटर्जंट सौम्य की कठोर हा प्रश्न प्रथिनाचे नाव घेतल्याशिवाय विचारण्यात अर्थ नाही.

तिसरे कारण सर्वांत दुबळे आहे. एसडीएसवर ऋण प्रभार असतो आणि बहुतेक जिवाणूनाशक पेप्टाइडांवर धन, त्यामुळे आकर्षण होणारच; शिवाय ज्यांची मूळ घडण बीटा प्रकारची आहे अशी विद्राव्य प्रथिनेही एसडीएसमध्ये हेलिक्सकडे झुकू शकतात. मायकेल झासलॉफ यांनी १९८७ मध्ये आफ्रिकी बेडकाच्या त्वचेतून वेगळे केलेले २३ अमिनो आम्लांचे मॅगेनिन आणि मधमाशीच्या विषातील २६ अमिनो आम्लांचे मेलिटिन ही दोन्ही मायसेलमध्ये हेलिक्सच होतात. मेलिटिन मात्र तांबड्या रक्तपेशी फोडते, आणि मॅगेनिन जिवाणू मारणाऱ्या प्रमाणात त्यांना फारसा धक्का लावत नाही. हा भेद बऱ्याच अंशी पटलाच्या लिपिडांवर अवलंबून आहे: जिवाणूंच्या पटलात फॉस्फॅटिडिलग्लिसरॉल आणि कार्डिओलिपिन ही ऋणप्रभारित लिपिडे असतात, तर रक्तपेशीच्या बाह्य थरात मुख्यतः प्रभारसंतुलित लिपिडे आणि कोलेस्टेरॉल असते. एकाच डिटर्जंटाच्या मायसेलमध्ये हा भेद दिसूच शकत नाही.

चौथ्या कारणाला इन्फ्लुएन्झाच्या एम२ प्रोटॉन मार्गिकेचे उदाहरण पुरेसे आहे. २००८ मध्ये तिच्या दोन रचना एकाच वेळी प्रसिद्ध झाल्या. स्फटिकातील रचनेत अमँटाडीन हे फ्लूविरोधी औषध मार्गिकेच्या पोकळीत होते. डीएचपीसी या डिटर्जंटच्या मायसेलमधील एनएमआर (चुंबकीय अनुनादाने मिळवलेल्या) रचनेत रिमँटाडीन हे तशाच प्रकारचे औषध बाहेरच्या, लिपिडाकडील बाजूला चिकटले होते. डीएचपीसीला दोन शेपट्या असल्या तरी त्या सहा-सहा कार्बनांच्या असल्याने तेही मायसेलच बनवते. २०१० मध्ये लिपिड द्विस्तरात केलेल्या घन-अवस्था एनएमआर प्रयोगांत औषधाचे बळकट बंधन पोकळीत आढळले, आणि बाहेरच्या जागेवर ते जास्त प्रमाणात घातले तेव्हाच बसले. अर्थात, स्फटिकही डिटर्जंटच्या साहाय्यानेच तयार झाले होते आणि दोन्ही अभ्यासांत प्रथिनाचे तुकडे वेगळ्या लांबीचे होते. म्हणून सगळा दोष मायसेलच्या माथी मारणे हाही उतावीळपणाच ठरेल. प्रकाशसंश्लेषी अभिक्रिया केंद्र या पटलातील प्रथिनसमूहाची १९८५ मधील रचना, जिच्या कामाला १९८८ चे नोबेल मिळाले, तीही डिटर्जंटमध्ये वाढवलेल्या स्फटिकांतूनच आली होती. मात्र वाद लिपिडातील प्रयोगामुळे पुढे सरकला, हे नाकारता येत नाही.

एक गोष्ट या चारही कारणांत येत नाही: मायसेलला आत आणि बाहेर अशा दोन बाजू नसतात. त्यामुळे त्यावर आयनांचा उतार किंवा विद्युतदाब उभा करता येत नाही, आणि वाहक प्रथिनाचे काम नेमके त्यांवरच चालते. सुमारे दहा नॅनोमीटरच्या नॅनोडिस्कमध्ये (लिपिडांच्या सूक्ष्म चकतीत) द्विस्तर मिळतो, पण बंदिस्त पोकळी तिथेही नसते; म्हणून वहन मोजायचे असेल तर शुद्ध केलेले प्रथिन लायपोसोममध्ये (द्विस्तराच्या बंदिस्त पिशवीत) पुन्हा बसवावे लागते आणि डिटर्जंट, ते शोषून घेणारे मणी किंवा डायलिसिस वापरून, काढून टाकावे लागते.