जीर्णोद्धार की विध्वंस?

आज सकाळी गावाच्या व्हॉट्सॲप गटावर ग्रामदैवताच्या ‘जीर्णोद्धारा’चा व्हिडिओ आला. जुना लाकडी सभामंडप उतरवला आहे, जांभ्याच्या भिंतींना भगवा ऑइलपेंट फासला आहे आणि खाली हात जोडल्याच्या इमोजींची रांग लागली आहे.

आमच्या लहानपणी गणपतीत एका चाकरमान्याने हॅलोजनसाठी मंडपाच्या कोरीव खांबात खिळा ठोकायला घेतला, तेव्हा गुरवकाकांनी त्याच्या हातातली हातोडी काढून घेतली आणि वायर सुतळीने बांधायला लावली. आता ते खांबच नाहीत.

जांभा पाणी पितो आणि सोडतो. त्याच्यावर ऑइलपेंटचा थर चढवला की ओल आतच कोंडते आणि पुढे रंगाबरोबर दगडाचे पापुद्रेही सुटू लागतात. गावातला कोणताही जुना गवंडी हे सांगेल, पण त्याला विचारतो कोण?

छप्पर गळत होते, वासे वाळवीने खाल्ले होते आणि दरवर्षी शाकारणीला गावात माणसे उरली नव्हती, हे मान्य. मग वासे बदला! त्यासाठी मंडप जमीनदोस्त करून स्लॅब टाकावा लागत नाही.

संगमेश्वरजवळच्या कसब्याला कर्णेश्वराच्या जुन्या देवळात, मंडपात उभे राहून छताचे कोरीवकाम पाहावे. काळा दगड उघडाच आहे आणि म्हणूनच छिन्नीची रेघन् रेघ दिसते. अंबरनाथचे शिलाहारकालीन मंदिर शके 982 चे, म्हणजे इसवी सन 1060 चे. त्याला ग्रॅनाइटच्या लाद्यांवाचून काही अडले नाही. दापोलीजवळ कोटजाई नदीकाठी पन्हाळेकाजीच्या 29 लेण्यांत बौद्धांचा वज्रयान, गणेशभक्तांचा गाणपत्य आणि नाथपंथ या सगळ्यांच्या खुणा आहेत. त्या वाचल्या, याचे एक कारण तिथे वर्गणी काढणारी कमिटी नव्हती हेही असावे, असे मला वाईट मनाने वाटते. 2022 मध्ये कोकणातील कातळशिल्पे युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेली तेव्हा याच गटावर कशेळीच्या सड्यावर कातळात कोरलेल्या हत्तीचे फोटो फिरले होते आणि सगळ्यांचा ऊर भरून आला होता. सड्यावरच्या हत्तीचा अभिमान, आणि घरच्या खांबांना कुऱ्हाड?

कमिटीतली माणसे वाईट नाहीत. पदरमोड करून, रजा टाकून राबणारी आहेत, त्यामुळे रागावणेही जड जाते. गुरवकाकाही त्या चाकरमान्यावर ओरडले नव्हते. सुतळी त्यांनी स्वतःच आणून दिली होती.

गाभारा अजून शाबूत आहे. त्याला हात लावण्यापूर्वी मोजमापे, फोटो आणि जुन्या वास्तूंच्या जाणकाराचा लेखी सल्ला घ्यावा, असा ठराव मी पुढच्या सभेत मांडणार आहे. उतरवलेले खांब कुठे ठेवले की कुणाला विकले, तेही तिथेच विचारीन. माझी वर्गणी त्यानंतर.