माझी चरबी कोणत्या डब्यात?

इंदूरच्या राजवाड्यामागच्या बोळात आमच्या टेलरमास्तरचं दुकान आहे आणि त्याच्या लाल वहीत माझ्या कमरेचा इतिहास आहे. २०१६ : ३६. २०१९ : ३८. यंदा पुतण्याच्या मुंजीसाठी पँट शिवायला गेलो, तर त्याने टेप गुंडाळली, थांबला, पुन्हा गुंडाळली आणि आतल्या पोराला अख्ख्या बोळाला ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं, "लिख, इकतालीस." मग माझा चेहरा बघून समजूत घातली, "भाईसाब, टेप धुलने से सिकुड़ गई है."

त्याच रात्री मी मोबाइलवर १,४९९ रुपयांचा कंबरपट्टा मागवला. काळा, रबरी, चार्जिंगवर चालणारा. बटण दाबलं की तापायचा आणि थरथरायचा. 'बसल्या जागी चरबी वितळवा' असं खोक्यावर होतं, आणि बसण्यात मला कोणी हरवणार नव्हतं. पट्टा बांधून बातम्या बघत बसलो. घरघर ऐकून बायको मिक्सर चालू राहिला का ते बघायला दोनदा स्वयंपाकघरात जाऊन आली. चाळीस मिनिटांनी निथळत काट्यावर उभा राहिलो. सहाशे ग्रॅम कमी! या हिशेबाने मुंजीपर्यंत मी बटूच्या वजनाला येणार होतो.

आनंद साजरा करायला सराफ्यात, आमच्या रात्रीच्या खाऊगल्लीत, गेलो आणि दोन ग्लास शिकंजी प्यायलो. (आमची शिकंजी म्हणजे लिंबूपाणी नव्हे. आटवलेलं दूध, मठ्ठा, केशर, सुकामेवा. पुण्याचा मावसभाऊ 'रात्री काहीतरी हलकं' म्हणून मागवतो आणि चमच्याने खाऊन संपवतो.) घरी येऊन पाहतो तर काटा सातशे ग्रॅम वर.

"अहो, घाम गेला होता, तो परत आला," बायको म्हणाली. "येताना मलई घेऊन आला."

मग आला चहा. हिरवी पेटी, पाठमोरी सडपातळ बाई, 'शरीर आतून स्वच्छ'. दुसऱ्याच दिवशी ऑफिसला जाताना जवाहर मार्गावर रिक्षा अडकली. पुढे बैलासारखा आडवा लागलेला टेम्पो, मागे हॉर्न, आणि मला आतून स्वच्छ होण्याची घाई. ती अकरा मिनिटं कशी गेली ते इथे लिहिण्यासारखं नाही. संध्याकाळी भिंग लावून पेटीवरची बारीक अक्षरं वाचली तर घटकांत सोनामुखी! आमची आजी हीच सोनामुखी पुडीत बांधून आणायची. फक्त तिने तिला सौंदर्याचं काही नाव दिलं नव्हतं, सरळ जुलाब म्हणायची. वजन कमी झाल्यासारखं दिसलं ते पाणी होतं. चरबी जागच्या जागी, शांत.

तरी मी सुधारलो नाही. तिसरी खरेदी कॅप्सूलची. 'शंभर टक्के हर्बल' डबा, तोंडावर सोनेरी सील. तिसऱ्या रात्री छातीत ढोलताशा सुरू झाला, आणि सकाळी बायकोने मला डब्यासकट आमच्या जुन्या डॉक्टरकाकांपुढे बसवलं.

काकांनी आधी ईसीजी काढला, मग चष्मा कपाळावर चढवून डबा वाचला. "सिब्युट्रामिन नावाचं भूक मारणारं औषध होतं. हृदयविकार आणि पक्षाघाताच्या धोक्यापायी २०१० मध्ये अमेरिका-युरोपच्या बाजारातून गेलं. त्यानंतरही अमेरिकेच्या औषध प्रशासनाला असल्या 'हर्बल' गोळ्यांत ते पुन्हा पुन्हा सापडलंय. तुझ्या डब्यात तेच आहे असं मी म्हणत नाही. काय आहे ते डब्यालाच माहीत." आपल्याकडे अशा जादुई जाहिरातींवर १९५४ पासून कायदा आहे आणि त्याच्या यादीत लठ्ठपणाही आहे, हेही त्यांनीच सांगितलं. माझ्या डब्यावर 'औषध' हा शब्द शोधूनही सापडेना, त्याचं कारण मग लक्षात आलं.

"मग चरबी जाते तरी कुठून?" मी विचारलं. "घामातून नाही, पोटातून नाही..."

"नाकातोंडातून. श्वासावाटे."

मला वाटलं काका थट्टा करतायत. पण ऑस्ट्रेलियातल्या दोघा संशोधकांनी २०१४ मध्ये हिशेब मांडलाय : १० किलो चरबी जळली की ८.४ किलो कार्बन डायऑक्साइड होऊन श्वासातून जाते, उरलेल्या १.६ किलोचं पाणी होतं. मी तिथेच खुर्चीत चार-पाच जोरदार उच्छ्वास सोडले.

"नुसतं फुंकून जात नाही रे, चक्कर येईल. आधी शरीराला ती जाळायची गरज पडू दे. एक किलो चरबी म्हणजे सुमारे ७,७०० कॅलरी. आठवड्याला अर्धा किलो पुष्कळ झालं. कंबर ९० सेंटिमीटरच्या आत आण." माझी १०४ होती. टेप आटलेली धरूनसुद्धा.

एक मोठा चमचा तेल सुमारे १२० कॅलरीचं, आणि माझ्या ८४ किलोंच्या देहाने एक किलोमीटर चाललं तर जळतात साधारण ६०. हे गणित कळल्यापासून सराफ्याची पार वाट लागली. कचोरीकडे बघावं तर तिच्यात पिपल्यापाला तलावाकाठची वाट दिसायची.

खरं युद्ध शेवेवर झालं. इंदुरात शेवेशिवाय ताट पुरं होत नाही. पोह्यांवर शेव, उसळीवर शेव, आमच्या घरी वरणभातावरसुद्धा शेव. बायकोने डब्यातला डाव काढून चहाचा चमचा ठेवला. पहिल्या दिवशी मी चमचा भरला, तर म्हणाली, "अहो, सपाट. शिखर नको." पोह्यांवर जिरावण (आमचा भुरभुरायचा मसाला) मात्र हवं तेवढं, आणि सोबत मोड आलेले मूग. जिलबी रविवारी, एक. ती मी अजूनही इतकी हळू खातो की पाक सुकतो.

सकाळच्या मंडळींबरोबर चालणं सोडावं लागलं, कारण ते चार किलोमीटर चालून छप्पन दुकानवर पोहे-जिलबीला टेकत. आता संध्याकाळी बायकोबरोबर चालतो. स्नायू टिकावेत म्हणून पाण्याच्या दोन बाटल्या उचलतो-ठेवतो. मुंज त्या एक्केचाळिशीच्याच पँटीत झाली. थंडीत, गराडूच्या (तळून खायच्या कंदाच्या) दिवसांत किलोभर परत आलं, ते सव्वा महिना हललं नाही. सहा महिन्यांत साडेपाच किलो गेले. कुठे, ते आता सांगितलंच.

परवा घर आवरताना ती खरेदी बाहेर काढली. निगमची कचरागाडी गाणं लावून दाराशी आली. आमच्याकडे वेगवेगळ्या कचऱ्याचे वेगवेगळे डबे, आणि गाडीवरची ताई एका पुडीचीही गय करत नाही. चहा ओल्यात, खोकी सुक्यात, रिकामा डबा प्लास्टिकमध्ये, कॅप्सूल घातकमध्ये. पट्ट्यापाशी अडलं.

"बाबूजी, ये क्या है?"

"मोटर आहे त्यात. ई-वेस्ट."

तिने बटण दाबलं. पट्टा घरघरला. तिने तो उलटसुलट करून पाहिला, मग हळूच विचारलं, "इससे कम होता है क्या?"

"पानी कम होता है," मी म्हणालो.

तिने मान हलवली आणि पट्टा डब्यात न टाकता पुढे सीटवर ठेवला. गाडी गेली. पुढच्या चौकापर्यंत गाण्याखालून ती घरघर ऐकू येत होती.