‘पोरांना कुठलं आलंय कोलेस्टेरॉल?’

नाशिकच्या सोसायट्यांच्या आणि पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक मेसेज फिरतोय. मुलांना कोलेस्टेरॉलचा त्रास होतच नाही, सडपातळ मुलाची काळजी नको, वाढत्या वयात काहीही खाल्लेलं चालतं, तपासणी हा लॅबवाल्यांचा धंदा आणि गोळी लागली की पोर जन्माचं रोगी. यातलं एकेक घेऊ, कारण हे वाचून कुणी मुलाची तपासणी टाळली तर ते महागात पडेल.

हृदयविकार चाळिशीत कळतो, पण त्याची सुरुवात फार आधी होते. कोरियन युद्धात मेलेल्या 300 अमेरिकी सैनिकांच्या शवविच्छेदनाचा अहवाल 1953 मध्ये आला. सरासरी वय 22, आणि चारातल्या तिघांच्या हृदयाच्या धमन्यांत बिघाड दिसत होता.

सडपातळपणाचा मुद्दा मला सर्वांत घातक वाटतो. यकृताला रक्तातलं एलडीएल, म्हणजे धमन्यांत साचणारं ‘वाईट’ कोलेस्टेरॉल, नीट उचलता येत नाही, असा एक आनुवंशिक दोष असतो. साधारण 250 ते 300 माणसांत एकाला. आईवडिलांपैकी एकाला असला तर प्रत्येक मुलाला तो येण्याची शक्यता निम्मी. असं मूल काटकुळं असेल, कृषीनगरच्या ट्रॅकवर रोज धावत असेल, तक्रार काहीच नसेल. म्हणून घरातच विचारा: काका, मामा, आजोबांना पंचावन्नच्या आत, आत्या, मावशी, आजीला पासष्टच्या आत अटॅक आला होता का?

आला असेल तर मुलाचं लिपिड प्रोफाइल, म्हणजे रक्तातल्या चरबीची तपासणी, कराच. आणि रिपोर्ट नीट वाचा. बऱ्याच रिपोर्टांवर ‘200 पेक्षा कमी’ हे छापलेलं असतं, ती मोठ्यांची मर्यादा. मुलांचं एकूण कोलेस्टेरॉल 170 च्या आणि एलडीएल 110 च्या आत हवं. एलडीएल 130 किंवा वर म्हणजे जास्तच. बारा वर्षांच्या मुलीचं एकूण 195 आलं तर ते ‘नॉर्मल’ नाही. मात्र एका रिपोर्टवर शिक्का मारू नका, डॉक्टर पुन्हा तपासायला सांगतात.

खाण्याबद्दल मेसेजमध्ये थोडं तथ्य आहे. दोन वर्षांखालच्या बाळाची स्निग्धता तोडायची नसते, आणि वरणभातावरच्या चमचाभर तुपाला कुणी हरकत घेत नाही. पण वनस्पती तुपातली खारी, रोजचं फरसाण आणि कोल्ड्रिंक वेगळं. साखरेनं ट्रायग्लिसराइड, ही रक्तातली दुसरी चरबी, चढतं.

आनुवंशिक दोषाला नुसतं पथ्य पुरत नाही, डॉक्टर वयाच्या साधारण आठ-दहा वर्षांपासून स्टॅटिन, म्हणजे कोलेस्टेरॉल उतरवणारी गोळी, देतात. नेदरलँड्समध्ये लहानपणीच गोळी सुरू झालेल्यांवर वीस वर्षं लक्ष ठेवलं गेलं. वयाच्या 39 पर्यंत त्यांच्यातल्या 1 टक्क्याला हृदयविकारानं गाठलं. तोच दोष असलेल्या त्यांच्या आईवडिलांत, त्याच वयापर्यंत, 26 टक्क्यांना.