पायरी ओळखून राहा म्हणे

सकाळी उठल्या उठल्या फॅमिली ग्रुप उघडला आणि डोकंच फिरलं. मामांनी कुठल्यातरी यूट्यूब चॅनलचा व्हिडिओ टाकलाय, लिथुआनियावर. चीनला डिवचलं, रशियाला डिवचलं, बेलारूसची बॉर्डर बंद करून स्वतःचेच ट्रक अडकवून घेतले, अमेरिकेच्या जिवावर उड्या मारणारा मूर्ख देश, असा सगळा सूर. खाली मामांनी लिहिलंय, "लहानांनी आपली पायरी ओळखून राहावं. मोठ्यांच्या भांडणात नाक खुपसलं की असंच होणार." त्यावर अख्ख्या खानदानाचे अंगठे.

मामा, तुम्ही फेसबुकवर आहात, हे वाचणार आहात, म्हणून इथेच लिहिते. ग्रुपवर लिहिलं की लगेच "जाऊ दे गं, सकाळी सकाळी राजकारण नको" सुरू होतं.

मी या देशात राहते. राजधानी विल्नियसमध्ये. इथून बेलारूसची बॉर्डर तीसेक किलोमीटरवर, तुमच्या कोल्हापूरहून इचलकरंजी जेवढी लांब तेवढी. बॉर्डरपलीकडे अस्त्रावेत्सला रशियाने बांधून दिलेला अणुप्रकल्प आहे, तोही जवळच, म्हणून 2020 मध्ये सरकारने लोकांना आयोडीनच्या गोळ्या फुकट वाटल्या होत्या. आमच्या समोरच्या फ्लॅटमधल्या आजींनी त्यांचं पाकीट मला दाखवलं होतं, फ्रीजवरच्या पत्र्याच्या डब्यात, बीपीच्या गोळ्यांशेजारी. त्यांच्यासाठी ती नेहमीची वस्तू आहे. पायरी ओळखा असं ज्यांना सांगताय ना, ती माणसं अशी राहतात.

या आजींबद्दल सांगायचंच आहे मला. आम्ही इथे आलो त्या पहिल्या हिवाळ्यात जानेवारीतल्या एका सकाळी दार वाजलं. बाहेर मिट्ट काळोख, इथे तेव्हा आठ वाजता पण उजाडलेलं नसतं. आजी दारात, कोटावर निळ्या फुलाचा बिल्ला, हातात एक जाड पांढरी मेणबत्ती. खिडकीत लाव म्हणाल्या, आठ वाजता, दहा मिनिटं, आणि घरातले दिवे बंद कर. मी लावली. समोरच्या बिल्डिंगमध्ये पाहिलं तर खिडकीखिडकीत मेणबत्त्या. 13 जानेवारी. 1991 ला त्या रात्री सोव्हिएत रणगाडे टीव्ही टॉवरवर चालून आले होते आणि टॉवरभोवती नुसते हात धरून उभ्या असलेल्या लोकांवर गोळ्या घातल्या, काही रणगाड्याखाली गेले. 14 माणसं मेली. आजी तेव्हा टॉवरपाशी नव्हत्या, त्या पार्लमेंटपाशी होत्या, शेकोटीजवळ, थर्मासमध्ये चहा आणि पिशवीत उकडलेले बटाटे घेऊन, कारण लोक रात्र रात्र तिथे उभे होते आणि त्यांना काहीतरी गरम खायला द्यायला हवं होतं. हे सांगताना त्यांनी कुठे मोठेपणा दाखवला नाही. बटाटे किती होते आणि ते लगेच कसे संपले, यावरच त्या जास्त बोलल्या.

आता मला सांगा मामा, त्या रात्री जग काय करत होतं? जगाचं लक्ष कुवेतकडे होतं. संयुक्त राष्ट्रांनी सद्दामला 15 जानेवारीची मुदत दिली होती, 17 ला युद्ध सुरू झालं, आणि त्यासाठी सोव्हिएत अध्यक्ष गोर्बाचेव्ह हवे होते सगळ्यांना. गोर्बाचेव्ह दुखावले जाऊ नयेत म्हणून लिथुआनियाने जरा दमाने घ्यावं, असंच सगळ्यांचं म्हणणं होतं. त्याच्या आदल्या वर्षी, 11 मार्च 1990 ला यांनी सोव्हिएत युनियनपासून स्वातंत्र्य जाहीर केलं तर मॉस्कोने तेल बंद केलं, बराचसा गॅस तोडला, आणि फ्रान्सचे मितराँ आणि जर्मनीचे कोल यांनी मिळून यांचे तेव्हाचे नेते लान्ड्सबेर्गिस यांना पत्र लिहिलं की घोषणेची अंमलबजावणी काही काळ थांबवा. पायरी ओळखा! अगदी तुमचीच भाषा, फक्त लेटरहेडवर! आजी सांगतात तेव्हा घरात गरम पाणी नव्हतं, पेट्रोल नव्हतं, बस कमी झाल्या, लोक चालत कामाला जायचे. शेवटी यांनी बोलणी होईपर्यंत घोषणा तात्पुरती स्थगित ठेवायचं मान्य केलं, हो, तेही केलं, म्हणजे अगदीच हेकटपणा केला असं नाही. पण सोडलं नाही. आणि सगळ्यात आधी मान्यता कुणी दिली? आइसलंडने, फेब्रुवारी 1991 मध्ये. अडीच लाखांच्या वस्तीचा देश! अमेरिकेची मान्यता यायला सप्टेंबर उजाडला. विल्नियसच्या जुन्या गावात एका गल्लीला आइसलंडचं नाव आहे. मी तिथून जाते तेव्हा दर वेळी ती पाटी बघते, मला फार आवडते ती.

तुमचा तो व्हिडिओवाला यातलं काही बोलत नाही. तो सुरू होतो थेट 2021 पासून.

बरं, 2021 बद्दलच बोलू. लिथुआनियाने तैवानला विल्नियसमध्ये ऑफिस उघडू दिलं, आणि नावात तैपेई न घालता तैवान घातलं. चीन तैवानला आपलाच भाग मानतो, म्हणून बाकी युरोपात सगळीकडे तैपेई, म्हणजे तैवानच्या राजधानीचं नाव असतं. चीनने राजदूत परत बोलावला, संबंधांचा दर्जा खाली आणला, आणि डिसेंबरमध्ये लिथुआनियाचं नावच चिनी कस्टम्सच्या कॉम्प्युटरमधून गायब झालं. निर्यातदार माल भरून बसलेले आणि फॉर्मवर देश निवडायला गेलं तर देशच नाही! ना नोटीस, ना आदेश, ना कागद. तेवढ्यावरही थांबले नाहीत, जर्मन कंपन्यांवर दबाव आणला की तुमच्या मालात लिथुआनियाचे पार्ट असतील तर तुमचाही माल अडकेल. हजारो बाटल्या रम चीनला निघालेली, ती अडकली, शेवटी तैवानच्या सरकारी कंपनीने घेतली. हा मूर्खपणा लिथुआनियाचा का दादागिरी चीनची? गल्लीतल्या गुंडाने दुकान फोडलं तर आपण दुकानदाराला विचारतो का की तू त्याच्याकडे बघितलंसच का?

हो, नावाची घाई झाली असेल. त्यांचे राष्ट्राध्यक्ष नौसेदा स्वतःच 2022 च्या जानेवारीत म्हणाले की ऑफिस उघडणं ही चूक नव्हती, नाव ही चूक होती. लोकांनाही ते धोरण फारसं पटलं नव्हतं, आणि तैवानकडून पैसा येईल येईल म्हणत होते तो अपेक्षेइतका आला नाही. घ्या, दिलं तुम्हाला. पण ती चर्चा त्यांनी त्यांच्या पार्लमेंटमध्ये केली, निवडणुकीत केली, 2024 मध्ये सरकार बदललं. हा त्यांच्या घरातला विषय आहे. आपण रशियाचं तेल घेतो तेव्हा छाती पुढे काढून सांगतो की आमचं परराष्ट्र धोरण आम्ही ठरवू, कुणी आम्हाला शिकवायचं नाही, आणि बरोबरच आहे ते, मी पण भांडते त्यासाठी इथल्या ऑफिसात. मग तोच हक्क 28 लाखांच्या देशाला नाही? एकट्या पुण्यात याहून जास्त माणसं आहेत हे मान्य, पण स्वाभिमान काय जनगणनेप्रमाणे वाटून मिळतो का?

आणि मामा, तुम्ही तरी असं बोलायला नको होतं. तुम्ही कोल्हापूरचे. लहानपणी मला वळिवड्याला तुम्हीच घेऊन गेला होतात, इथे पोलंडची माणसं राहायची, युद्धाच्या काळात, पाच हजार माणसं, त्यांची शाळा होती, चर्च होतं, असं तुम्हीच सांगितलेलं. ती माणसं कोल्हापूरला कशी पोचली? 1939 मध्ये हिटलर आणि स्टालिनने नकाशा पुढ्यात घेऊन मधले देश वाटून घेतले, पूर्व पोलंड स्टालिनच्या वाट्याला आला, आणि तिथल्या लोकांना गुरांसारखं रेल्वेत भरून सायबेरियाला नेलं. त्यातून जी जगली वाचली त्यातली काही इराणमार्गे तुमच्या गावात आली. विल्नियस तेव्हा पोलंडकडेच होतं. त्याच वाटणीत स्टालिनने विल्नियस काढून लिथुआनियाला दिलं आणि बदल्यात म्हणाला आमचं सैन्य तुमच्या देशात राहील. लिथुआनिया तेव्हा पायरी ओळखून वागला हं मामा. अगदी तुम्ही सांगताय तसा. सही केली, सैन्य येऊ दिलं, एक गोळी झाडली नाही. आठ महिन्यांनी, जून 1940 मध्ये, देशच संपला. आजी एक म्हण सांगतात तेव्हाची, "विल्नियस आमचं, आणि आम्ही रशियाचे." त्यांच्या आईच्या तोंडी असायची म्हणे. पुढे त्यांच्या मामाला सायबेरियात पाठवलं, तो परत आलाच नाही. त्याचा फोटो नाही घरात एकही, फक्त नाव आहे.

म्हणून राग येतो मला. गप्प राहून बघितलंय यांनी. त्याची किंमत मोजून झालीये.

म्हणजे हे काही संत नाहीत, तेही माहितीये मला. 1941 पासून नाझींनी इथल्या जवळजवळ सगळ्या ज्यूंना मारलं आणि त्यात स्थानिक लोकांचे हात होते, त्यावर आजही इथे मोकळेपणाने बोलताना काही लोक अडखळतात. 2021 मध्ये बेलारूसचा हुकूमशहा लुकाशेंकोने जगभरातून माणसं आणून बॉर्डरवर ढकलली तेव्हा यांनी त्यांना थंडीत परत ढकललं, तेही मला पटलं नव्हतं. पण त्यावरून तुम्ही पायरीवर कसे येता?

आता राहिलं "अमेरिकेच्या जिवावर उड्या". गॅससाठी रशियावर शंभर टक्के अवलंबून होते, तर क्लाइपेडा बंदरात तरंगता गॅस टर्मिनल आणून उभा केला, 2014 मध्ये, जहाजाचं नावच इंडिपेंडन्स. तेव्हा पण लोक म्हणाले महागात पडेल, आणि खर्च झालाच. पण 2022 मध्ये रशियन गॅस पूर्ण बंद करणारा युरोपियन युनियनमधला पहिला देश हाच ठरला. फेब्रुवारी 2025 मध्ये तिन्ही बाल्टिक देशांनी रशियाच्या वीजजाळ्यातून स्वतःला तोडून युरोपच्या जाळ्याला जोडलं. त्या वीकेंडला आम्ही सगळ्यांनी पॉवरबँक चार्ज करून, पाणी भरून ठेवलं होतं. आजींनी मेणबत्त्या काढून ठेवल्या होत्या, त्याच जाड पांढऱ्या. दिवा एकदाही गेला नाही. युरोपचा पैसा होता त्यात, बरोबर, पण तयारी कित्येक वर्षांची यांची. 2026 ला संरक्षणावर जीडीपीच्या 5 टक्क्यांहून जास्त खर्च करतायत, आणि तो आमच्या सगळ्यांच्या टॅक्समधून जातोय.

अमेरिकेचं म्हणाल तर मार्च 2025 मध्ये पाब्रादेला सरावात चार अमेरिकन सैनिकांची गाडी दलदलीत बुडाली. आठवडाभर इथली माणसं तो चिखल उपसत होती. त्यांना निरोप द्यायचा होता त्या दिवशी विल्नियसच्या रस्त्यांवर दुतर्फा हजारो लोक उभे होते, राष्ट्राध्यक्षांपासून शाळेच्या पोरांपर्यंत. आजी गेल्या होत्या, गुडघे दुखतात तरी. मी त्यांना धरून उभी होते. शववाहिका पुढून जाताना त्या रडल्या. ओळख ना पाळख, कुठल्या लांबच्या देशातली पोरं, पण आपल्यासाठी आली होती एवढंच त्यांना कळत होतं. लिहितानाही मला भरून येतंय.

आणि त्याच अमेरिकेने वर्ष संपता संपता, डिसेंबर 2025 मध्ये, बेलारूसच्या पोटॅशवरचे (खतासाठीचं खनिज) निर्बंध उठवले. त्याआधी कित्येक आठवडे बेलारूसमधून सिगारेटी बांधलेले फुगे येत होते, विल्नियसचा एअरपोर्ट पुन्हा पुन्हा बंद, माझ्या जाऊबाईंचं विमान मध्यरात्री शेजारच्या लाटव्हियात रिगाला उतरवलं, लेकरू कडेवर. म्हणून लिथुआनियाने बॉर्डर बंद केली. तर लुकाशेंकोने यांचे हजारभर ट्रक तिकडे अडकवून ठेवले आणि वर पार्किंगचं भाडं लावलं. तुमच्या व्हिडिओत तो ट्रक "अडकवून घेतले" म्हणतो! निर्बंध उठवण्याच्या बदल्यात बेलारूसच्या तुरुंगातली माणसं सुटली, 123 कैदी सुटले, नोबेलवाले मानवाधिकार कार्यकर्ते बियाल्यात्स्की सुटून इथे विल्नियसला आले, त्याचा आनंद आहेच, खूप आहे. पण आता कुजबुज सुरू आहे की पोटॅशसाठी क्लाइपेडा बंदर परत उघडा. बंदर कुणाचं? युरोपचे निर्बंध अजून तसेच आहेत. मिन्स्क आणि वॉशिंग्टन एकमेकांशी बोलणार आणि बंदर देणार हे? विल्नियसच्या टाउन हॉलवर एक पाटी आहे, 2002 मध्ये धाकटे बुश इथे येऊन म्हणाले होते की जो लिथुआनियाला शत्रू मानेल तो अमेरिकेचाही शत्रू होईल. अजून तिथेच आहे ती. वॉशिंग्टनमधल्या लोकांनी ती परत एकदा वाचावी एवढंच म्हणणं आहे माझं.

आणि कृपा करून कुणी कमेंटमध्ये "तुला काय करायचंय, तू भारतीय आहेस, नोकरी कर आणि ये परत" असं लिहू नका. माझा मुलगा इथल्या शाळेत तिसरीत आहे. त्याच्या शाळेत सायरन वाजला की कुठल्या तळघरात जायचं ते मुलांना नेऊन दाखवलंय, पोरगा घरी येऊन सांगतो की आमच्या वर्गाची जागा बॉयलरच्या बाजूला आहे. तुमच्यासाठी हा वीस मिनिटांचा व्हिडिओ आहे. मला त्या तळघराचा रस्ता पाठ आहे.

मामा, रागावू नका, पण व्हिडिओ तुम्ही टाकलाय तर उत्तरही तुम्हीच द्या. यांनी पायरी ओळखायची म्हणजे नेमकं काय करायचं? तैवानचं ऑफिस बंद करायचं, बंदर लुकाशेंकोला द्यायचं, आणि पुढे रशियाने सैन्य ठेवू द्या म्हटलं तर परत 1939 सारखी सही करायची? ग्रुपवर लिहा, सगळ्यांसमोर. आणि ज्यांनी अंगठे दिलेत त्यांनीही लिहा.