जॉर्जियाने ‘सगळे पोलीस’ काढले नव्हते

दर काही महिन्यांनी फिरून येणारा मेसेज थोडक्यात असा: २००४ साली जॉर्जियाच्या राष्ट्राध्यक्षांनी एका रात्रीत देशातले सगळे पोलीस घरी बसवले, कर घटवले, लाचखाऊ खाती बंद केली आणि भ्रष्टाचार संपला. इच्छाशक्ती असेल तर आपल्याकडेही होईल. हा जॉर्जिया म्हणजे काकेशसमधला, १९९१ पर्यंत सोव्हिएत संघात असलेला, ४० लाखांहून कमी वस्तीचा देश. आपल्याकडची बरीच मुले एमबीबीएसला ज्याच्या राजधानीला, तिबिलिसीला, जातात, तो. मेसेज साफ खोटा नाही. निम्मा खरा आहे, आणि पंचाईत तिथेच आहे.

‘एका रात्रीत सगळे पोलीस काढले’

काढले ते वाहतूक पोलीस, साधारण १६,०००, २००४ च्या उन्हाळ्यात. बाकी गृहखात्याची छाटणी पुढे कित्येक वर्षे चालली: २००३ मध्ये ६३,००० च्या आसपास असलेले मनुष्यबळ २०११ पर्यंत २७,००० वर आले.

आणि काढून टाकणे हा या कामातला सगळ्यात सोपा भाग. आधीची रचना बघा. शिपायाचा पगार महिना ४०-५० डॉलर, तोही वेळेवर होईल याचा भरवसा नाही. ही नोकरी लागावी म्हणून मात्र २,००० पासून २०,००० डॉलरपर्यंत मोजावे लागत. म्हणजे दांडका दाखवून अडवलेल्या प्रत्येक गाडीतून आधी घातलेले पैसे वसूल करायचे, वर साहेबाचा हप्ताही काढायचा. अशा साखळीत तळाचा माणूस बदलून काही होत नाही. नवा आलेलाही चार महिन्यांत तेच करतो.

म्हणून चार-पाच गोष्टी एकदम केल्या. जाणाऱ्यांना दोन महिन्यांचा पगार आणि मागच्या भानगडींची माफी दिली, त्यामुळे ते सरकारवर उलटले नाहीत. जाहीर भरती करून सुमारे २,३०० नव्या गस्ती पोलिसांनी सुरुवात केली. पगार ४०० ते ५०० डॉलरच्या घरात नेला. दंडाची रोकड शिपायाच्या हातात येणे बंद झाले. पावती घ्यायची आणि पैसे बँकेत भरायचे. शिवाय साध्या वेशातले अधिकारी मुद्दाम नियम मोडून गस्तीवाल्यांची परीक्षा घेत, आणि जो हात पुढे करी त्याची नोकरी जाई. यातली एकेक गोष्ट सुटी उचलली तर टिकत नाही. नुसता पगार वाढवला तर नोकरीचा भाव वाढतो, एवढेच.

तिजोरीत तर खडखडाट होता. राष्ट्राध्यक्ष, मंत्री आणि वरच्या अधिकाऱ्यांच्या पगाराला सुरुवातीला यूएनडीपी (संयुक्त राष्ट्रांचा विकास कार्यक्रम), अमेरिकी धनाढ्य जॉर्ज सोरोस यांची संस्था आणि स्वीडन यांच्या निधीतून भर घातली गेली. मेसेजमध्ये हे कधी येत नाही.

‘कर कमी केले म्हणून महसूल वाढला’

२००५ च्या करसंहितेने वीसहून अधिक करांचे सात केले, व्हॅट २० टक्क्यांवरून १८ वर आणला आणि आयकर सरसकट १२ टक्के ठेवला. करवसुली जीडीपीच्या १२ टक्क्यांवरून २००८ पर्यंत २५ च्या आसपास गेली, हेही खरे. पण मेसेजमधला ‘१२ टक्के’ जेमतेम तीन वर्षे टिकला. २००८ मध्ये मालकाकडून घेतला जाणारा २० टक्के सामाजिक कर आयकरात मिसळला आणि आयकराचा दर २५ टक्के झाला; पुढच्या वर्षी २०.

वसुली वाढण्यामागे दर कमी असणे हे एक कारण होते, पण त्याच्याइतकीच मोठी कारणे वेगळी होती. मे २००४ मध्ये अजारा प्रांताचे सर्वेसर्वा अस्लान अबाशिद्झे पळाले आणि बटुमी बंदर व तुर्कस्तान सीमेवरच्या सार्पी नाक्याची जकात पहिल्यांदा नीट तिबिलिसीला पोचू लागली. बड्या धेंडांना अटक करून पैसे भरल्यावर सोडण्याचा सपाटा लागला: माजी राष्ट्राध्यक्ष शेवार्डनाद्झे यांचे जावई १.५५ कोटी डॉलर भरून सुटले. अशा वसुलीतले काही पैसे अर्थसंकल्पाबाहेरच्या निधीत गेले. त्यांचा हिशेब मागायची सोय नव्हती. याला करसुधारणा कोणी म्हणत असेल तर म्हणो.

‘खाती बंद केली, लाच बंद झाली’

झाली, आणि तिच्यासोबत तपासणीही बंद झाली. खाजगी गाड्यांची सक्तीची तांत्रिक तपासणी २००४ मध्ये उठवली. ब्रेक-टायर कसेही असलेल्या गाड्या वर्षानुवर्षे धावल्या आणि २०१९ मध्ये तपासणी परत आणावी लागली. कामगार निरीक्षण खाते २००६ मध्ये गेले. २०१८ मध्ये त्किबुलीच्या कोळसा खाणीत एप्रिलमध्ये सहा आणि जुलैत चार कामगार मेले. पूर्ण अधिकारांचे निरीक्षण खाते २०२१ मध्ये पुन्हा उभे राहिले.

खरे यश आले ते जिथे काम नव्याने बांधले तिथे. कॉलेजप्रवेशाचे उदाहरण घ्या. पूर्वी प्रत्येक विद्यापीठ आपली परीक्षा घेई आणि जागा विकल्या जात. २००५ पासून देशभर एकच परीक्षा. प्रश्नपत्रिका ब्रिटनमध्ये, केंब्रिज युनिव्हर्सिटी प्रेसमध्ये छापून बंदोबस्तात आणल्या. उत्तरपत्रिकेवर नावाऐवजी बारकोड. वर्गात कॅमेरे, आणि आतले चित्र बाहेर ताटकळणाऱ्या पालकांना पडद्यावर दिसे. पेपरफुटीला सरावलेल्या आपल्या लोकांनी खरे तर पोलिसांपेक्षा हा भाग फॉरवर्ड करायला हवा.

‘भ्रष्टाचार संपला’

खिडकीवरची लाच जवळपास संपली. ट्रान्स्परन्सी इंटरनॅशनलच्या भ्रष्टाचार निर्देशांकात (गुण जितके जास्त तितका भ्रष्टाचार कमी) २००३ मध्ये १० पैकी १.८ गुण होते. २०१२ मध्ये १०० पैकी ५२. पण त्याच काळात कैद्यांची संख्या तिपटीहून जास्त वाढून २४,००० च्या आसपास गेली आणि खटल्यात निर्दोष सुटणे ही दुर्मीळ गोष्ट झाली. सप्टेंबर २०१२ मध्ये तिबिलिसीच्या ग्लदानी तुरुंगातल्या छळाचे व्हिडिओ बाहेर आले आणि ऑक्टोबरमध्ये सत्ताधारी हरले.

‘इच्छाशक्ती हवी’

ती होतीच, सोबत संसदेत प्रचंड बहुमत आणि फेब्रुवारी २००४ मध्ये घटना बदलून राष्ट्राध्यक्षांकडे घेतलेले जादा अधिकारही होते. (आपल्याकडे राज्यघटनेच्या अनुच्छेद ३११ मुळे चौकशीशिवाय शिपायालाही एरवी बडतर्फ करता येत नाही.) याच अधिकारांमुळे अभियोक्ते आणि न्यायाधीश सरकारच्या मुठीत राहिले. जानेवारी २००६ मध्ये सान्द्रो गिर्गव्लियानी या तरुण बँक कर्मचाऱ्याच्या मृत्यूप्रकरणी गृहखात्याचेच चार जण दोषी ठरले, पण २००९ मध्ये शिक्षा पुरी होण्याआधीच सुटले. २०११ मध्ये युरोपीय मानवाधिकार न्यायालयाने त्या तपासाला स्वतंत्र मानायला नकार दिला. जॉर्जियाच्या सर्वोच्च न्यायालयात हे प्रकरण ऐकणाऱ्यांपैकी लेव्हान मुरुसिद्झे पुढे न्यायव्यवस्थेतले सर्वांत वजनदार नाव ठरले. एप्रिल २०२३ मध्ये अमेरिकेने भ्रष्टाचाराचा ठपका ठेवून ज्या चार आजी-माजी न्यायाधीशांना प्रवेशबंदी केली, त्यांत तेही होते.